सर्पदंशावरचा पेपर कुठे पाठवू? जनरल मेडिकल जर्नल आणि इम्पॅक्ट फॅक्टरचा गुंता

रेसिडेंट_तिसरं_वर्ष:

नमस्कार मंडळी. मी जनरल मेडिसिनचा रेसिडेंट, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात. डिझर्टेशनचा विषय होता घोणस आणि फुरसं चावल्यावर किडनीला होणारी इजा. नाशिकच्या विद्यापीठाकडे प्रबंध गेला, आता त्यातून पेपर काढायचा आहे आणि तिथे अडलोय.

गाईड सरांचं म्हणणं, केईएमच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ला (जेपीजीएम) पाठव. आमचे एक सीनियर म्हणतात, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) एक-दोनच्या घरातला, त्यापेक्षा बाहेरच्या एखाद्या नेफ्रॉलॉजीच्या, म्हणजे किडनीविकारांच्या जर्नलला टाक. त्यात परवा एक मेल आला: ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, तीन दिवसांत स्वीकृती, फी साडेसहा हजार’. रूममेट म्हणतो, भरून टाक आणि मोकळा हो.

मग मी लॅन्सेट या मोठ्या जनरल मेडिकल जर्नलचा आकडा बघितला. एका वर्षी साठ, मध्ये दोनशेच्या वर, आता शंभरच्या आत. जर्नल तेच, दर्जा तोच, मग आकडा असा उड्या का मारतो? आणि ‘जनरल’ मेडिकल जर्नलला नेमका कसला पेपर हवा असतो? आमच्या अभ्यासात निघालं ते साधंच आहे. पेशंट उशिरा पोचला की डायलिसिसची पाळी येते. खालच्या दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवर एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या) किती व्हायल दिल्या हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं, आणि काचेच्या नळीत रक्त घेऊन ते गोठतं का हे बघायला वीस मिनिटं थांबायची ती साधी टेस्टही झालेली नसते. हे कोणत्या जर्नलचं?

वाचनकक्ष:

डॉक्टर, आधी त्या मेलचा निकाल लावू. उत्तर देऊ नका, पैसे तर मुळीच भरू नका. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा जगभर धरतात तो क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी काढते आणि दरवर्षी जूनच्या सुमारास ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये जाहीर करते. कोणतं जर्नल त्यांच्या यादीत आहे हे त्यांच्या ‘मास्टर जर्नल लिस्ट’वर फुकट तपासता येतं. त्या मेलमधलं नाव तिथे टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. बनावट जर्नल्सचा हा रोग आपल्याकडे किती पसरलाय याचा हिशेब पुण्यातल्याच संशोधकांनी मांडला होता. विद्यापीठांनी युजीसीला सुचवलेली १,००९ जर्नल्स त्यांनी तपासली आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की साध्या निकषांवर त्यातली फक्त ११२ टिकली.

आता मूळ प्रश्न. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, त्यामुळे हा आकडा कशासाठी जन्माला आला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमच्या पिढीने छापील सायन्स सायटेशन इंडेक्स पाहिला नसेल. जाडजूड खंड, कागद इतका पातळ की मागच्या पानाची शाई दिसायची, आणि अक्षरं भिंगाखाली धरावी अशी. एरवीच्या सूचीत आपण विषय काढतो आणि जुने लेख सापडतात. इथे उलटं. हातात एक जुना लेख असायचा, त्याच्या पहिल्या लेखकाचं आडनाव काढायचं आणि त्याच्याखाली ओळीने दिसायचं की पुढे कोणी कोणी त्याचा संदर्भ दिला. जुन्या लेखावरून पुढच्या संशोधनाकडे जायची वाट. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी ही कल्पना १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडली. तुमच्या सरांनी सुचवलेलं केईएमचं जर्नलही त्याच साली सुरू झालं. पुढे १९७५ पासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्स येऊ लागले आणि आम्हा ग्रंथपालांना त्यांचा खरा उपयोग होता: तुटपुंज्या बजेटात कुठल्या नियतकालिकाची वर्गणी भरायची आणि कुठलं बंद करायचं. वर्गणी ठरवायला केलेल्या मापाने आज माणसं मोजली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिशेब असा. २०२१ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा तर २०१९ आणि २०२० मध्ये जर्नलने जे जे छापलं त्याला २०२१ या एका वर्षात किती संदर्भ मिळाले ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या संशोधन लेख व आढावा लेखांच्या संख्येने भागायचं. बस, एवढंच. आता लॅन्सेट घ्या. २०१९ चा आकडा ६०.३९२. २०२१ चा २०२.७३१. २०२३ चा ९८.४. मधल्या काळात काय झालं? वुहानच्या पहिल्या रुग्णांचं वर्णन करणारा लेख लॅन्सेटने २४ जानेवारी २०२० ला ऑनलाइन टाकला आणि जगातला जवळजवळ प्रत्येक कोविड-पेपर त्याचा संदर्भ देऊन सुरू होऊ लागला. २०२० साल दोन वर्षांच्या खिडकीत होतं तोवर आकडा आभाळात होता. खिडकी पुढे सरकली, आकडा खाली आला. त्याच अंकांत मलेरियावर किंवा बाळंतपणावर ज्यांनी लिहिलं त्यांच्या लेखांची किंमत ना तिप्पट झाली ना निम्मी.

ही सरासरी आहे हे कायम ध्यानात ठेवा, आणि फार कललेली सरासरी आहे. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण वैद्यकातलं नाही, पण ऐकाच. ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली दोनच्या आसपास होता, २००९ साली तो जवळजवळ पन्नास झाला. कारण एकच लेख. स्फटिकरचना काढायच्या शेलेक्स या संगणक प्रणालीबद्दल जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ साली लिहिलेला. ती प्रणाली वापरणारा प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतो. त्या वर्षी त्या जर्नलमध्ये छापून आलेल्या बाकी सगळ्यांच्या नावापुढेही तोच पन्नास लागला.

भागाकाराच्या खालच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. संपादकीय आणि संपादकांना आलेली पत्रं खाली मोजत नाहीत, पण त्यांना संदर्भ मिळाला तर तो वर मोजतात. मोठ्या जनरल जर्नल्समध्ये पत्रं, मतं, बातम्या भरपूर असतात, त्यांना याचा फायदा मिळतो. ‘पीएलओएस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ मध्ये हे उघडपणे लिहिलं होतं. खाली काय मोजायचं यावर त्यांची कंपनीशी चर्चा चालू होती आणि उत्तराप्रमाणे त्यांचा आकडा तीनच्या आतही येऊ शकत होता, अकरापर्यंतही जाऊ शकत होता. लेख तेच!

आणि पत्र म्हणजे दुय्यम असं मात्र कधी समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावर प्राझोसिन देण्याबद्दलचं लिखाण १९८६ साली लॅन्सेटमध्ये पत्र म्हणूनच आलं. कोकणात लाल विंचू चावून फुफ्फुसात पाणी होऊन पोरं दगावत होती, आणि रक्तदाबावरच्या एका साध्या गोळीने ती वाचू लागली. इम्पॅक्ट फॅक्टरच्या भागाकारात त्या पत्राची गणना ‘लेख’ म्हणून शून्य. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात मात्र ती गोळी जाऊन बसली.

माझं म्हणणं या उदाहरणात आहे. संदर्भ देतो तो पेपर लिहिणारा. पेपर वाचून रात्री दोन वाजता इंजेक्शन भरणारा डॉक्टर कोणाला संदर्भ देत नाही, त्याचा आकडा कुठल्याही रिपोर्टमध्ये उमटत नाही. जनरल मेडिकल जर्नलचा मोठा वाचकवर्ग नेमका हाच असतो. कॅन्सरवर किंवा हृदयरोगावर लिहिणारे जगात अगणित, म्हणून तिथे संदर्भांचा पाऊस. फुरशावर लिहिणारे थोडे, आणि फुरसं ज्यांना चावतं त्यांच्याजवळचे डॉक्टर तर बहुतेक लिहितच नाहीत. तेव्हा कमी संदर्भ म्हणजे कमी महत्त्व, हा हिशेब तुमच्या विषयाला लावूच नका.

बार्शीकर:

वाचनकक्ष ताई, छान लिहिलंत. थोडी भर घालतो, कारण आमच्या भागाचा विषय आहे.

‘जनरल’ जर्नल म्हणजे किरकोळ, सगळं घेणारं, असा समज दिसतो, तो चुकीचा आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची चाचणी झाली. आमच्या बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय संस्था यांचं एकत्र काम. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या तपासणीने) त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हे २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं, म्हणजे कॅन्सरच्या जर्नलमध्ये नाही, जनरल जर्नलमध्ये. कारण ते वाचायला हवं होतं आरोग्य खात्याने, फॅमिली डॉक्टरने, सरकारने. नुसत्या कॅन्सरतज्ज्ञाने वाचून काय उपयोग?

त्या गावांमधल्या बायकांनी पथकाला घरात घेतलं, तपासणीला तयार झाल्या, हे मी आमच्या घरातल्या मोठ्यांकडून ऐकत आलोय. पेपरमध्ये त्यांची नावं नसतात, पण पेपर त्यांचाही आहे.

सहयोगी_प्राध्यापक:

दोघांचंही पटलं. तरी व्यवहाराचं बोलतो, कारण या मुलाला उद्या असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल.

वैद्यकीय आयोगाची शिक्षक-पात्रतेची नियमावली नीट वाच; २०२२ च्या नियमावलीच्या जागी २०२५ मध्ये नवी आली आहे. २०२२ च्या नियमावलीत बढतीसाठीच्या प्रकाशनांना इम्पॅक्ट फॅक्टरची अट नव्हती. अट होती इंडेक्सिंगची, म्हणजे जर्नल ठरावीक सूचींत असण्याची: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस, डीओएजे असली यादी दिलेली होती. मूळ संशोधन, मेटा-अॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरत होते. एकट्या-दुकट्या पेशंटचा केस रिपोर्ट धरत नव्हते. आणि लेखकांच्या पहिल्या तिघांत नाव हवं होतं, नाहीतर कॉरस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून हवं होतं. जेपीजीएम मेडलाइनमध्ये आहे, विषय संपला. ‘७.८’ वाल्याचं इंडेक्सिंग यादीत बसत नसेल तर तुझे साडेसहा हजार गेले आणि पेपरही गेला, कारण एकदा छापलेला डेटा दुसरीकडे देता येत नाही.

ताईंशी एका बाबतीत मात्र माझे मतभेद आहेत. आकडा निरुपयोगी नाही. मुलाखतीला समोर बारा उमेदवार आणि प्रत्येकाची फाईल असते. समितीत आपल्या विषयाचा एकच माणूस असतो. बाकीच्यांना काहीतरी धरून बोलावं लागतं.

वाचनकक्ष:

सर, नियमांबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. मुलं नियम न वाचता कॉरिडॉरमध्ये ऐकलेल्यावर निर्णय घेतात.

पण समितीबद्दल मी ठाम आहे. बारा फाईल असतील तर बारा लेखांचे सारांश वाचायला अर्धा तास लागतो, आणि ज्याच्या हाती एखाद्याची नोकरी आहे त्याने तो अर्धा तास द्यायलाच हवा. लेखाला स्वतःला किती संदर्भ मिळाले हे तर गुगल स्कॉलरवर क्षणात दिसतं. जर्नलचा आकडा लेखकाच्या नावावर लावू नका, हे २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनीच म्हटलं, त्या जाहीरनाम्याला डोरा म्हणतात, आणि जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या.

लेखाचे संदर्भसुद्धा डोळे झाकून मोजू नयेत. वेकफिल्डचा लसीला ऑटिझमशी जोडणारा लेख लॅन्सेटने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. त्याला आजही भरमसाट संदर्भ मिळतात, आणि त्यातले बहुतेक तो कसा खोटा होता हे सांगणारे. मोजणाऱ्या यंत्राला शाबासकी आणि निषेध यातला फरक कळत नाही.

दोन वर्षांच्या खिडकीबद्दल गारफील्ड यांच्याच लिखाणातलं उदाहरण देते. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे. १९५९ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठतं, म्हणजे रोग करणारं विष वेगळं असतं. कॉलऱ्याची सगळी समज पालटवणारं काम. सुरुवातीची वर्षं त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि नंतर तो पाया ठरला. गारफील्ड यांनी १९८६ साली यावर स्वतंत्र लेख लिहिला. डे आदल्याच वर्षी वारले होते. दोन वर्षांच्या मोजणीवर त्यांना कोणी प्रोफेसर केलं असतं का, हा प्रश्न मी प्रत्येक समितीला विचारीन.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष:

सगळ्यांचे आभार. मेल डिलीट केला. मास्टर लिस्टवर नाव सापडलं नाही, आणि नावापुढे लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा निघाला.

एक राहिलं. जनरल जर्नलला पाठवायचं तर पेपर कसा लिहू? माझा ड्राफ्ट सगळा क्रिएटिनीनवर (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) आहे. कोणत्या दिवशी किती, डायलिसिस किती वेळा, बायोप्सीत काय दिसलं.

वाचनकक्ष:

मी डॉक्टर नाही, पण हजारो पेपर हातून गेलेत, त्या अनुभवावर सांगते.

तुमचा ड्राफ्ट नेफ्रॉलॉजिस्टसाठी आहे. त्यात चूक काही नाही, तोही एक पेपर आहे. पण जनरल जर्नलचा संपादक पहिल्या वाचनात एकच गोष्ट शोधतो: दुसऱ्या विषयाच्या डॉक्टरने हे का वाचावं? गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ चा लॅन्सेटमधला लेख काढून वाचा. दोन गावं, ६५० बायका, आणि तपासणीत त्यातल्या ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्यात अवघड तंत्र नव्हतं. पण तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच धरलं जायचं, आणि त्या लेखाने दाखवलं की तिच्या दुखण्याकडे कोणी बघतच नाही. जनरल जर्नलला हवं असतं ते हे. एका विषयाच्या भिंतीत न मावणारं.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच तो पेपर लिहिलेला आहे. उशीर, व्हायलची नोंद नसलेली चिठ्ठी, न झालेली वीस मिनिटांची टेस्ट. क्रिएटिनीन मागे न्या. पहिलं कोष्टक वेळेचं करा: दंशापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत किती तास, मध्ये कुठे कुठे थांबले, कोणत्या वाहनाने आले. दुसऱ्यात चिठ्ठीवर काय लिहिलं होतं आणि काय नव्हतं. मग किडनी. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं, तेव्हा प्रस्तावनेत महत्त्व पटवायला पानभर खर्च करायची गरज नाही, तीन वाक्यं पुरे.

जेपीजीएमबद्दल तुमच्या सरांचा सल्ला मला योग्य वाटतो. आकडा एक-दोनच्या घरात आहे, खरं. पण ते वर्षानुवर्षं लेखकांकडून पैसे न घेता चाललेलं आणि इंटरनेटवर कोणालाही उघडता येणारं जर्नल आहे. केईएमच्याच मंडळींनी २००५ साली शिकागोच्या पीअर रिव्ह्यू परिषदेत आपल्या जर्नलचा अनुभव मांडला होता की अंक सगळ्यांना खुले केल्यावर संदर्भ जास्त आणि लवकर मिळू लागले. तुमच्या तालुक्याच्या मेडिकल ऑफिसरला मोबाईलवर ते उघडता येईल. हजारो रुपयांच्या कुलपाआडचं परदेशी जर्नल त्याला उघडता येणार नाही.

सहयोगी_प्राध्यापक:

आणि कव्हर लेटरमध्ये ‘आमचा अभ्यास प्रथमच’ वगैरे लिहू नकोस. आधी दहा जणांनी केलेलं असतं आणि रिव्ह्यूअर त्यातलाच एक निघतो. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख तपासून घाल. लेखकांचा क्रम गाईडशी आत्ताच बोलून घे, पेपर स्वीकारल्यावर नाही.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष:

सरांशी आज राउंडनंतर बोललो. क्रम ठरला. वेळेचं कोष्टक करायला घेतलंय, पण काही केसपेपरवर दंशाची वेळ फक्त ‘संध्याकाळी’ एवढीच लिहिली आहे. ती धरू की सोडू?

वाचनकक्ष:

सोडू नका. ‘वेळेची नोंद अपुरी’ असा वेगळा रकाना करा आणि किती जणांची तशी आहे ते छापा. तालुक्याच्या दवाखान्यात वाचणाऱ्याला तो रकाना सगळ्यात आधी ओळखू येईल.